इंग्रजी शिकण्या-शिकवण्याची ऑनलाइन साधने : पारख नेमकी कशावरून करावी?

संध्यावर्ग (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

नोकरी-व्यवसाय सांभाळून इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांचा एक वर्ग मी घेते. वर्गात १४ जण आहेत. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास आम्ही भेटतो आणि मधल्या पाच दिवसांत बहुतेकांच्या कानावर इंग्रजीचा शब्दही पडत नाही. म्हणून घरच्या सरावासाठी ऑनलाइन साधनांची एक निवडक यादी द्यावी असे मी ठरवले. शोधायला बसले तेव्हा अडचण तुटवड्याची नाही, सुकाळाची आहे हे लक्षात आले, कारण दोन रविवारांतच ६३ दुवे गोळा झाले.

निवड करण्यासाठी मी एक तक्ता तयार केला. मजकूर कोणी लिहिला आहे, व्याकरणाची माहिती अचूक आहे का, ऐकणे-बोलणे-वाचणे-लिहिणे ही चारही कौशल्ये आहेत का, पातळ्या दिल्या आहेत का, मांडणी सुटसुटीत आहे का, जाहिरातींचा त्रास किती, असे २० निकष ठरवून प्रत्येकाला पाच गुण ठेवले. शंभरपैकी ८७ गुण मिळवून एक ॲप पहिले आले आणि तेच मी वर्गाला सुचवले. तिसऱ्या आठवड्यात चौकशी केली तेव्हा १४ पैकी ११ जणांनी ते सोडून दिले होते. टिकलेल्या तिघांपैकी एकीने सलग २१ दिवस सराव केल्याबद्दल मिळालेले पदक मला कौतुकाने दाखवले आणि त्याच संध्याकाळी वर्गात ती 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' असे म्हणाली. 'सिन्स' आणि 'फॉर' यांवरचा धडा तिने त्या ॲपमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवून संपवलेला आहे, हे मी नंतर पाहिले.

याच तक्त्यात ५२ गुणांवर अडकलेले, जुनाट दिसणारे श्रवणाचे एक संकेतस्थळ मात्र दोघांनी स्वतःहून शोधले होते आणि ते रोज ऐकत होते!

माझे निकष चुकले, की तक्ता करण्याची रीतच चुकली? एखादे साधन प्रथम उघडल्यावर अनुभवी शिक्षक नेमके काय पाहतात? तयार यादी मला नको आहे, ती कुठेही मिळते. पारख कशी करायची तेवढे सांगावे.

रेघोट्या

तुमचे निकष चुकीचे नाहीत. त्यांतले जवळजवळ सगळे साधनाबद्दल आहेत आणि शिकणाऱ्याला तिथे काय करावे लागते याबद्दल त्यांत फारसे काही नाही, अशी माझी तक्रार आहे. संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक कॅरल शॅपेल यांनी २००१ साली अशा मूल्यमापनासाठी सहा निकष मांडले. त्यांत भाषा शिकण्याला खरोखर वाव आहे का याला पहिले स्थान आहे आणि त्यापाठोपाठ साधन त्या शिकणाऱ्याला साजेसे आहे का, लक्ष अर्थावर राहते का, बाहेरच्या जगातल्या भाषाव्यवहाराशी त्याचे नाते आहे का, असे प्रश्न येतात. शॅपेल यांचा आग्रह असा की पारख संपूर्ण ॲपची नव्हे तर त्यातल्या एकेका कृतीची करावी आणि तीही विशिष्ट शिकणाऱ्याच्या संदर्भात. शंभरपैकी ८७ या आकड्यात तो शिकणारा कुठेच नसतो.

तुमच्या विद्यार्थिनीने सोडवलेला धडा मी पाहिलेला नाही, पण त्या साच्याचे डझनभर धडे पाहिले आहेत, म्हणून तो कसा असेल हे बहुधा सांगता येईल. पडद्यावर एक वाक्य असते, त्यात एक गाळलेली जागा असते आणि खाली 'सिन्स' व 'फॉर' अशी दोनच बटणे असतात. तिसऱ्या-चौथ्या वाक्यापर्यंत चाणाक्ष माणसाच्या लक्षात येते की पुढे सालाचा आकडा किंवा वाराचे नाव असेल तर पहिले बटण दाबायचे आणि आठवडे, महिने, वर्षे असे काही असेल तर दुसरे. त्यानंतर वाक्य वाचण्याची गरजच उरत नाही. त्यातही 'आय हॅव बीन वर्किंग' हा भाग आधीच छापलेला असतो, त्यामुळे काळ निवडण्याचा प्रसंग तिच्यावर कधी येतच नाही. मराठीत आपण 'दोन वर्षांपासून काम करते आहे' असेही म्हणतो आणि '२०२२ पासून काम करते आहे' असेही म्हणतो. 'पासून' दोन्हीकडे चालते आणि क्रियापद वर्तमानकाळातच राहते. तिची चूक नेमकी तिथून आली आहे, म्हणजे शब्दाची एक आणि काळाची एक अशा त्या दोन चुका आहेत ('आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स' असे हवे होते). पैकीच्या पैकी गुण देणाऱ्या धड्याने त्यांपैकी एकीलाही हात लावलेला नाही.

म्हणून नवे साधन समोर आले की मी दहा मिनिटे विद्यार्थी होतो आणि मुद्दाम चुकतो. चुका मनाला येतील तशा करत नाही. माझे विद्यार्थी ज्या चुका करतात त्याच करतो. मग साधन काय म्हणते ते पाहतो. नुसती लाल फुली आणि बरोबर उत्तर दाखवून ते पुढे सरकते, चूक का झाली याचा काही मागमूस देते, की पुन्हा प्रयत्न करायला लावते? बरोबर पण अनपेक्षित उत्तरही देऊन पाहतो. 'आय हॅव गॉट' अपेक्षित असताना नुसते 'आय हॅव' लिहिले आणि त्यालाही फुली मिळाली, तर ते साधन विद्यार्थ्याला बरोबर इंग्रजीबद्दलही साशंक करणार हे नक्की.

दुसरी गोष्ट, उत्तर ओळखायचे आहे की आठवायचे आहे ते पाहावे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो स्मरणातून काढण्याचा सराव करणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले होते, पण पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारेच पुढे होते. बटणे दाबून मिळवलेल्या गुणांचे तात्पुरते समाधान कुठून येते हे त्यावरून कळते. सलग दिवसांच्या पदकाबद्दल एवढेच म्हणेन की ते हजेरीचे प्रमाणपत्र आहे. विसरण्याच्या बेतात असलेला शब्द योग्य वेळी पुन्हा समोर येतो का, हे पाहणे अधिक मोलाचे. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडला तेव्हापासून ही गोष्ट माहीत आहे, तरी कित्येक ॲप्समध्ये संपलेला धडा पुन्हा कधीच वर येत नाही.

शब्दवेडा

वरचा प्रतिसाद पटला, परंतु त्यात पातळीचा मुद्दा राहिला आहे आणि माझ्या मते तुमचे ११ जण त्याच पायरीवर घसरले असावेत.

ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या ज्या सहा पातळ्या आपण सगळीकडे पाहतो, त्या कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीतल्या आहेत. ती चौकट एकट्या इंग्रजीसाठी केलेली नाही. अमुक पातळीचा माणूस भाषेत काय करू शकतो याची वर्णने तिच्यात आहेत, शब्दांच्या किंवा व्याकरणाच्या याद्या नाहीत. एखाद्या संकेतस्थळाने आपल्या धड्यावर बी-१ असे लिहिले तर ते बरोबर आहे की नाही हे तपासणारे कोणी नसते. ही चिठ्ठी ज्याची त्याने आपल्या हाताने चिकटवलेली असते. एकाच मजकुराला एक संकेतस्थळ ए-२ म्हणते आणि दुसरे बी-१ म्हणते, असे मी स्वतः पाहिले आहे.

मी चिठ्ठी न वाचता शब्द मोजतो. साधनातल्या मजकुराचे सलग शंभर शब्द घ्यावेत आणि आपल्या विद्यार्थ्याला त्यांतले अनोळखी शब्द अधोरेखित करायला सांगावेत. दोन-तीन रेघा आल्या तर तो मजकूर त्याला एकट्याने वाचता येईल. पाच-सहा आल्या तर शब्दकोश किंवा शिक्षक जवळ हवा. दहा आल्या तर त्या मजकुरातून त्याला मनस्तापाखेरीज फार काही मिळणार नाही. याला आधार आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे कोणाच्या मदतीवाचून वाचायचे तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रांसाठी याचा अर्थ आठ ते नऊ हजार शब्दकुळे, आणि बोललेले समजण्यासाठी सहा ते सात हजार. शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची नेहमीची रूपे मिळून एक. प्रौढ नवशिक्याकडे हजार-दीड हजार शब्दकुळे असली तरी खूप झाले. म्हणूनच 'रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचा' हा सल्ला ऐकायला भारदस्त असला तरी नवशिक्यांसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे.

शब्दांची मर्यादा घालून तयार केलेला मजकूर कसा असतो हे पाहायचे तर व्हॉइस ऑफ अमेरिकेने १९५९ साली सुरू केलेले 'स्पेशल इंग्लिश' हे जुने आणि चांगले उदाहरण आहे. सुमारे १५०० शब्दांचा गाभा, छोटी वाक्ये आणि संथ वाचन एवढ्या बंधनात बातमी सांगायची, असा तो प्रकार होता. तुमच्या दोघांना जुनाट दिसणारे संकेतस्थळ का रुचले, याचे उत्तर मला तरी इथेच दिसते. मजकूर त्यांच्या आवाक्यातला असणार; दिसण्याचे पाच गुण तुम्ही दिले नाहीत म्हणून त्यांचे काही अडले नाही.

कानसेन

मी उच्चार आणि श्रवण शिकवतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

उच्चार तपासून गुण देणारी ॲप्स सध्या फार लोकप्रिय आहेत. त्यांची परीक्षा घेण्याची माझी रीत अशी. प्रथम 'द शिप लेफ्ट द हार्बर' हे वाक्य म्हणताना ऱ्हस्व 'शिप'च्या जागी मेंढीचा दीर्घ 'शीप' म्हणून पाहावा. अनेकदा पूर्ण गुण मिळतात, कारण बोलणे ओळखणारी यंत्रणा आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते आणि बंदरातून मेंढी निघत नाही हे तिलाही ठाऊक असते. मग 'आय सॉ अ शिप' असे वाक्य घ्यावे, ज्यात दोन्ही शब्द अर्थाला चालतात, आणि इथे तरी फरक पकडला जातो का ते पाहावे. मराठी भाषकांसाठी 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' हीसुद्धा उत्तम जोडी आहे. पहिला शब्द दिशेचा, दुसरा बिनबाह्यांच्या कपड्याचा. पहिल्यात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि आपला 'व' या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. यंत्रणेचा हेतू माणूस काय म्हणाला हे ओळखण्याचा असेल तर ती चुका पोटात घालते. शिकवण्याचा असेल तर तिने त्या दाखवायला हव्यात. जाहिरातीत दोन्हींना एकच नाव दिलेले असते, म्हणून स्वतः बोलून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

श्रवणाच्या साधनात मी सर्वप्रथम ध्वनिफितीचा लिखित मजकूर शोधतो. तो नसेल तर न कळलेला भाग कायमचा न कळलेलाच राहतो. मजकूर असला तरी तो शब्दशः आहे का हे पाहावे. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सहा मिनिटांचा कार्यक्रम मला आवडतो, मात्र त्याच्या मजकुरावरच 'हा शब्दशः उतारा नाही' अशी सूचना दिलेली असते. अर्थ समजून घेण्यासाठी त्याने काही बिघडत नाही, पण ऐकून लिहिण्याच्या सरावासाठी तो दिला तर विद्यार्थी आपल्या कानांना दोष देत बसतो. व्हिडिओंवर यंत्राने आपोआप उमटवलेल्या ओळींबद्दल तर बोलायलाच नको. विशेषनामे आणि जोडून बोललेले शब्द आले की त्या कोलमडतात.

वाचनमात्र

मी शिक्षक नाही. गेली तीन वर्षे इंग्रजी शिकणारा प्रौढ विद्यार्थी आहे आणि या काळात आठ-नऊ साधने धरून सोडली आहेत, त्यामुळे दुसऱ्या बाजूने थोडे सांगतो.

मी एकही साधन कठीण आहे म्हणून सोडले नाही. एक सोडले, कारण उघडल्यापासून पहिले इंग्रजी वाक्य समोर येईपर्यंत नोंदणी, पातळी-चाचणी, ध्येय निवडा, आठवण हवी का, सशुल्क योजना पाहा, अशा सहा पडद्यांतून जावे लागायचे आणि माझ्याकडे सगळी मिळून वीस मिनिटे असायची. दुसरे सोडले, कारण एक दिवस खंड पडला की त्यातले चित्र रडायला लागे. पन्नाशीच्या माणसाला रडक्या चित्राची भीती दाखवणे मला अपमानास्पद वाटले. तिसऱ्यात सूचनाच इतक्या अवघड इंग्रजीत होत्या की काय करायचे हे कळले असते तर तो धडा करण्याची गरजच नव्हती. नवशिक्यासाठी सूचना मातृभाषेत असाव्यात किंवा निदान एक सोडवलेले उदाहरण तरी असावे.

जे टिकले त्यात थांबायची जागा ठरलेली होती. एक ध्वनिफीत, एक पान, संपले. पुढचे आपोआप सुरू होत नव्हते.

संध्यावर्ग

सर्वांचे मनापासून आभार. वाचनमात्र, त्या सहा पडद्यांचा अनुभव मी घेतलाच नव्हता, कारण नोंदणी एकदाच करून मी सगळ्या धड्यांवर उड्या मारत फिरले होते. अकरा जणांपैकी काहींनी पहिल्याच दिवशी सोडले असणार हे आता कळते.

दोन शंका उरल्या आहेत. वीस निकषांमधला 'व्याकरणाची माहिती अचूक आहे का' हा निकष मी नेमका कसा तपासावा? सगळे धडे वाचणे शक्य नाही. आणि संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना हीच कसोटी लावायची का?

रेघोट्या

सगळे वाचू नका. ज्या जागी आळशी लेखक हमखास घसरतो अशा दोन-तीन जागा ठरवून तेवढ्याच उघडा. माझी ठरलेली जागा 'सम' आणि 'एनी' यांचा धडा ही आहे. होकारार्थी वाक्यात 'सम' आणि प्रश्नार्थक व नकारार्थी वाक्यांत 'एनी', एवढ्यावर जो धडा संपतो, त्याने 'वुड यू लाइक सम वॉटर?' हे रोजचे वाक्य चुकीचे ठरवले. काहीतरी देऊ करताना किंवा होकाराची अपेक्षा असताना प्रश्नातही 'सम' येते, हे सांगणारा लेखक बाकीच्या धड्यांतही बहुधा विचार करून लिहितो. शंका आलीच तर वापराचे खरे पुरावे पाहता येतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या खऱ्या वापरातल्या इंग्रजीच्या संग्रहात दहा कोटी शब्दांचा मजकूर आहे आणि समकालीन अमेरिकन इंग्रजीच्या कोका या संग्रहात शंभर कोटींहून अधिक शब्दांचा. त्यांत वाक्यरचना शोधली की नियम कुठवर चालतो ते दिसते. हे काम शिक्षकाने करावे, नवशिक्यांना त्या संग्रहांत सोडू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना दहा मिनिटांची कसोटी लागू आहेच, फक्त सापळा वेगळा लावावा लागतो. पूर्णपणे बरोबर असलेले वाक्य देऊन 'यात चूक कोणती?' असे विचारावे. 'शी सजेस्टेड दॅट ही लीव्ह अर्ली' हे माझे आवडते वाक्य आहे. ते अगदी शुद्ध असूनही 'लीव्ह'कडे पाहून संशय येतोच. विचारणाऱ्याच्या सुराला मान देऊन साधन नसलेली चूक शोधून देते का, आणि तीच शंका उलट बाजूने विचारली की मत फिरवते का, हे पाहावे. संभाषणाचा सराव, एकाच रचनेची पंधरा नवी उदाहरणे किंवा कठीण उताऱ्याचे सोपे रूप यांसाठी मी ही साधने आनंदाने वापरतो. पंच म्हणून मात्र त्यांना बसवत नाही, कारण निर्णय चुकला हे ज्याला कळायला हवे तो नवशिका असतो.

शब्दवेडा

एक छोटी पुस्ती. साधनातला मजकूर छापून वर्गात वाटणार असाल तर परवाना वाचून घ्यावा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे काही अटींवर वापराची मुभा आधीच देणारा, परवाना असला म्हणजे वाटेल ते करता येते असा समज आहे. त्याच्या काही प्रकारांत मजकूर बदलून वाटायला मनाई असते, आणि आपण शिक्षक तर उतारा सोपा केल्याशिवाय वापरतच नाही.

संध्यावर्ग

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. ६३ पैकी ३० साधने मी दहा-दहा मिनिटे वापरली, प्रत्येक वेळी नव्याने नोंदणी करून आणि मुद्दाम 'सिन्स टू इयर्स' लिहून. मागचा तक्ता बाजूला ठेवला. त्याऐवजी प्रत्येक साधनापुढे दोनच ओळी लिहिल्या : इथे विद्यार्थी हाताने किंवा तोंडाने काय करतो, आणि चुकला तर पुढे काय घडते. दुसरी ओळ २१ वेळा 'बरोबर उत्तर दाखवते' एवढीच झाली.

शंभर शब्दांची चाचणी वर्गातच घेतली. माझ्या मते सोप्या असलेल्या उताऱ्यात १४ पैकी सहा जणांनी दहापेक्षा अधिक शब्द अधोरेखित केले, तेव्हा सर्वांना एकच साधन देण्याचा विचार सोडला. आता सहा जणांकडे लिखित मजकुरासह छोट्या ध्वनिफितींचे एक संकेतस्थळ आहे आणि आठ जणांकडे उत्तर स्वतः टंकून लिहायला लावणारे दुसरे. दोन्हींत दिवसाचे काम १५ मिनिटांत संपते.

सुरुवातीला आणि आता, 'तुम्ही हे काम किती काळ करत आहात?' याच प्रश्नावर प्रत्येकाचे मिनिटभर बोलणे मी ध्वनिमुद्रित केले. पहिल्या वेळी नऊ जण 'सिन्स टू इयर्स'च्या धर्तीवर बोलले होते, आता पाच जण बोलले. त्या पाचांपैकी तिघे मध्येच अडखळले, 'सिन्स' म्हणून थांबले आणि 'फॉर'वर आले, पण क्रियापद 'ॲम वर्किंग' असेच राहिले. पदकवाली त्या तिघांत आहे. याची नोंद सुधारणा म्हणून करावी की चूक म्हणून, हे ठरत नाही.

रेघोट्या

दोन्हींतही नको, तिसरा रकाना करा. 'सिन्स' म्हणून थांबणे याचा अर्थ ती स्वतःचे बोलणे ऐकू लागली आहे, आणि हे पूर्वी होत नव्हते. काळाची चूक तशीच आहे, कारण टंकायच्या वाक्यांतही क्रियापद बहुधा आयतेच दिलेले असणार; एकदा तपासून पाहा. तसे असेल तर त्या आठ जणांना आठवड्यातून एकदा पूर्ण वाक्य मराठीतून इंग्रजीत करायला द्या. पुढचे ध्वनिमुद्रण सहा आठवड्यांनी, आधी न सांगता घ्या, आणि या वेळी काम न विचारता किती काळापासून राहत आहात ते विचारा.